प्रोस्टेटच्या शेकानंतर लघवीचा मार्ग आकसला : दुरुस्तीचं ऑपरेशन कुणी करून घेतलंय का?

लालपरीवाला | ८ मार्च २०२५

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको यात आठ दिवस गेले. विषय लघवीचा, आणि आमच्या घरात हा शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आण्णा (माझे वडील) ७२ वर्षांचे. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर. २०१८ ला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. हार्टचा त्रास असल्यामुळं ऑपरेशन नको असं ठरलं. ३८ शेक (रेडिएशन) दिले, आणि दोन वर्षं दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन. कॅन्सर आटोक्यात आला, आम्ही पेढे वाटले.

२०२३ च्या दिवाळीपासून धार बारीक व्हायला लागली. बाथरूममध्ये वीस-वीस मिनिटं. बाहेरून आईची हाक, "अहो, झालं का?" आणि आतून उत्तर नाही. दाखवलं तर म्हणाले मार्ग अरुंद झालाय, रुंद करू. केला. तीन महिन्यांत परत तेच. परत केला. मग दुर्बिणीतून कापलं. सव्वा वर्षात अशा पाच खेपा झाल्या, आणि प्रत्येक खेपेला "आता काळजी नाही" असं ऐकून घरी आलो. फेब्रुवारीत मध्यरात्री पूर्ण तुंबली. कॅथेटर जाईना, आण्णा घामानं भिजलेले. शेवटी बेंबीच्या खाली पोटातूनच नळी घातली. तेव्हापासून पिशवी लावलेली आहे.

संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी हा त्यांचा नेम होता, तो बंद. परवा घरी आलो तर दारातल्या कट्ट्यावर बसलेले. युरोबॅग कापडी पिशवीत घातलेली, आणि कुणाला कळू नये म्हणून वरून कोथिंबिरीची जुडी खोवलेली. बाजारातनं आल्यासारखे. मला काही बोलवेना.

आता एक डॉक्टर म्हणतात युरेथ्रोप्लास्टी (लघवीच्या मार्गाच्या दुरुस्तीचं ऑपरेशन) करा, पण नंतर लघवी गळू शकते. दुसरे म्हणतात या वयात कशाला, पोटातली नळी राहू द्या जन्मभर. कुणी यातून गेलंय का?

मिरजकर | ८ मार्च

वाचून वाईट वाटलं. आमच्या मिरजेत एकदा दाखवा, निम्मं कोल्हापूर इथंच येतं उपचाराला. धाग्यावर लक्ष ठेवतो.

पुनर्नवा | ८ मार्च

गोखरूचा काढा सकाळी अनशापोटी, ४० दिवस. धण्याचं पाणी दिवसभर. आमच्या शेजाऱ्यांचं ऑपरेशन टळलं. एवढी चिरफाड करायची गरजच नाही.

तिखटजाळ | ८ मार्च

@पुनर्नवा ताई, त्यांच्या वडिलांचा मार्ग बंद झालाय. पोटातून नळी आहे. काढा पिऊन लघवी वाढेल, जाणार कुठून?

सुईदोरा | ९ मार्च

मी युरॉलॉजिस्ट आहे. आण्णांना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

शेकाची किरणं कॅन्सरच्या पेशी मारतात, पण वाटेत येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करतात. त्या हळूहळू आतून बंद होत जातात. रक्तपुरवठा कमी झालेला भाग आकसतो, पांढरा पडतो, कडक होतो. हे वर्षानुवर्षं चालू राहतं, म्हणून त्रास पाच-सात, कधी त्याहून जास्त वर्षांनी उगवतो आणि घरच्यांना वाटतं हे कुठून आलं. प्रोस्टेट संपून मूत्रनलिका ओटीपोटाच्या तळातून बाहेर पडते तिथे हा अडथळा बहुतेक वेळा होतो. लघवी धरून ठेवणारा मुख्य स्नायू नेमका त्याच जागी आहे. वरचा झडपेसारखा भाग, म्हणजे मूत्राशयाचं तोंड, शेकाने आधीच निकामी झालेलं असू शकतं. अशा वेळी खालचा आकसलेला भाग हाच बूच असतो. आपण बूच काढतो आणि मग बाटली गळते. तुमच्या डॉक्टरांनी गळतीबद्दल आधीच सांगितलं ही चांगली खूण समजा. न सांगणारे जास्त धोक्याचे.

पाच खेपांबद्दल. एकदा रुंद करून पाहणं ठीक. पण प्रत्येक काप नवा व्रण तयार करतो, आणि शेकलेल्या जागी तो व्रण नीट भरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर हे काम नुसतं पुढे ढकलणं असतं. ज्यांना मोठं ऑपरेशन झेपणारच नाही त्यांच्यासाठी ते ठीक आहे, पण मग तसं स्पष्ट सांगून करावं.

शिरोळचा शेतकरी | ९ मार्च

डॉक्टरसाहेब, म्हणजे आमच्या क्षारपड रानागत की. वरनं पाणी सोडा, खत घाला, उसाची कांडी कितीबी चांगली आणा, खाली जमीनच मेलेली असंल तर फुटवा येत न्हाई.

सुईदोरा | ९ मार्च

@शिरोळचा शेतकरी, अगदी तेच. हे उदाहरण मी ओपीडीत वापरणार, आधीच सांगून ठेवतो.

तुमच्याच भाषेत पुढे सांगतो. आकसलेला भाग लांब असला तर गालाच्या आतली कातडी काढून तिथे लावतात. ती कातडी स्वतःचं रक्त घेऊन येत नाही, खालच्या जमिनीतून ओढून घेते. क्षारपड रानात लावलेली कांडी. म्हणून शेकानंतरचा अडथळा आखूड असेल, दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत, तर मेलेला भाग पूर्ण काढून दोन्ही चांगली टोकं एकमेकांना जोडणं बहुतेकांना जास्त खात्रीचं वाटतं. वृषणाच्या मागे, बैठकीच्या जागी चीर घेऊन हे करतात. लांबी जास्त असेल तरच गाल.

गूळपोळी | ९ मार्च

पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींच्या नावाने गालाच्या कातडीची एक पद्धत जगभर ओळखली जाते ना? ती यांना चालेल का?

सुईदोरा | ९ मार्च

हो, ओळखली जाते, आणि मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच आहे. पण ती जवळजवळ संपूर्ण मूत्रनलिका आकसलेल्या रुग्णांसाठी आहे. आण्णांचा अडथळा वेगळ्या जागी, वेगळ्या कारणाने. नाव ऐकून ऑपरेशन निवडू नका, फोटो बघून निवडा. फोटो म्हणजे रंगाचा एक्सरे.

@लालपरीवाला, एक विचारायचं राहिलं. आण्णा तंबाखू खातात?

लालपरीवाला | ९ मार्च

एसटीचा ड्रायव्हर आणि तंबाखू खात नाही? 😀 आता सोडलीय म्हणतात. चुन्याची डबी मात्र अजून खिशात असते. पण लघवीचा आणि तंबाखूचा काय संबंध?

सुईदोरा | ९ मार्च

गालाचा. वर्षानुवर्षं तंबाखू-चुना एका बाजूला धरला की तिथली कातडी जाड, पांढरट, ताठ होते. गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचं तोंडच नीट उघडत नाही. ती कातडी लघवीच्या मार्गात लावून उपयोग नाही. मग दुसरा गाल किंवा जिभेखालची बाजू शोधावी लागते. आपल्याकडे मूत्रमार्गाचा सर्जन रुग्णाला आधी तोंड उघडायला लावतो, तेव्हा नातेवाइकांना वाटतं चुकीच्या डॉक्टरकडे आलो.

बिंदू चौक | १० मार्च

पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) किती आहे तेही लिहा. माझ्या काकांचा शेकानंतर ०.४ होता, शून्य नाही म्हणून घरात रडारड झाली होती.

लालपरीवाला | १० मार्च

०.३. दोन वर्षं तेवढाच.

सुईदोरा | १० मार्च

ऑपरेशनने प्रोस्टेट काढलं की पीएसए जवळपास शून्याला यायला हवा. शेक दिल्यावर प्रोस्टेट शरीरात तसंच असतं, त्यामुळे शून्य होणं गरजेचं नाही. सगळ्यात कमी जो आकडा आला त्याच्यावर २ ने वाढला, की कॅन्सर परत आला असं धरतात. आण्णांचा ०.३ स्थिर आहे, म्हणजे दुरुस्तीचा विचार करायला जागा आहे. कॅन्सर परतलेला असेल तर हिशेबच वेगळा होतो.

माई इचलकरंजी | १२ मार्च

माझ्या मिस्टरांचं थोडं वेगळं, पण शेकामुळेच झालं म्हणून लिहिते. त्यांचा मार्ग उघडा होता, लघवीतून रक्त जायचं. शेकानंतर सहा वर्षांनी सुरू झालं. आधी गुलाबी, मग लाल, मग गाठी. गाठींनी अडकली की तीन तोंडांचा कॅथेटर घालून रात्रभर सलाईनने धुवायचे. एका बाजूने पाणी आत, दुसऱ्या बाजूने लाल बाहेर. मी खुर्चीत बसून बाटल्या मोजायची. एका रात्रीत अठरा झाल्या होत्या.

दुर्बिणीतून दोनदा जाळलं. पुन्हा सुरू. मग ऑक्सिजनच्या बंद खोलीत बसवायचा उपचार सांगितला. वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, रोज दीड तास, आठवड्याचे पाच दिवस, ४० बैठका. त्यासाठी दोन महिने पुण्यात नणंदेकडे राहिलो. कानाला दडे बसायचे म्हणून हे सारखी जांभई द्यायचे. तीन आठवडे काहीच फरक नाही, नणंदेचे मिस्टर कंटाळले. नंतर हळूहळू रक्त थांबलं. आता वर्षात एखाद वेळी गुलाबी दिसतं तेवढंच. आमच्या शेजारच्या बेडवरच्या गृहस्थांना मात्र उपयोग झाला नाही. त्यांचं मूत्राशय काढून आतड्याच्या तुकड्यातून पोटावर लघवीची वाट करावी लागली.

सुईदोरा | १२ मार्च

माईंनी छान लिहिलं. एकच जोडतो. शेकानंतर लघवीत रक्त दिसलं की "शेकाचंच असेल" म्हणून घरी बसू नका. आधी दुर्बिणीने मूत्राशय बघून घ्या. तिथे नवा कॅन्सर नाही ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेकावर खापर फोडता येत नाही.

तसंच लघवीतून हवा किंवा घाण यायला लागली, किंवा लघवी संडासवाटे यायला लागली, तर मूत्रमार्ग आणि गुदाशय यांच्यात भोक पडलंय असं समजून त्याच दिवशी दाखवा. शेकलेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासायला काढला, ती जखम भरली नाही आणि भोक झालं, असे रुग्ण आम्ही बघतो. त्याची दुरुस्ती मोठी असते. आधी पोटावर शौचाची वाट, पोटातून लघवीची नळी, काही महिने थांबायचं, मग मांडीचा एक लांब स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वळवून मधे घालायचा. शिरोळच्या भाषेत, चांगल्या रानाची माती आणून टाकायची.

शिरोळचा शेतकरी | १२ मार्च

🙏 डॉक्टर, एकदा रानात या हुरड्याला.

लालपरीवाला | २७ एप्रिल

अपडेट. पुण्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख द्यायला नकार दिला. म्हणाले, शेवटच्या खेपेनंतर कमीत कमी सहा आठवडे त्या जागेत काही घालायचं नाही, तिला विश्रांती द्या, तेव्हा खरा अडथळा किती ते दिसेल. पोटातली नळी इथं उपयोगी पडली. सहा आठवड्यांनी खालून आणि वरून, दोन्हीकडून रंग भरून एक्सरे काढले. मधली काळी फट स्क्रीनवर मला पण दिसली. दीड सेंटिमीटर. एवढीशी जागा, आणि घर दीड वर्ष हललंय.

मूत्राशयात किती मावतं तेही तपासलं, कारण शेकानं मूत्राशय लहान झालं असेल तर मार्ग उघडून दर अर्ध्या तासाला पळावं लागलं असतं. २८० मिली निघालं. चालेल म्हणाले. कापून जोडायचं ठरलंय, गालाची गरज बहुतेक पडणार नाही.

पोटातली नळी जन्मभर ठेवायचा पर्याय त्यांनीही दिला, नीट समजावून. दर महिना-दीड महिन्याला बदलायची, खडे होऊ शकतात, जंतुसंसर्ग होतो, पण मोठं ऑपरेशन टळतं. आण्णांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "गळली तर किती गळंल?" डॉक्टर म्हणाले आत्ता नक्की सांगता येत नाही, पण गळण्याची तयारी ठेवूनच या. आण्णा म्हणाले, "गळू दे. गळतीला कापड बांधता येतंय. तुंबलेल्याचं काय करायचं?"

तारीख मेअखेर धरलीय. पाऊस सुरू झाल्यावर नको. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं, पुणं बंद. मधेच काही झालं तर पेशंट घेऊन जायचं कुठून?

बिंदू चौक | २७ एप्रिल

खर्चाचं काय? महात्मा फुले योजनेत बसतंय का बघा. कव्हर आता ५ लाखांपर्यंत आहे, पण ते हॉस्पिटल योजनेत हवं आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायला लागते. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधीच त्याला गाठा. आम्ही डिस्चार्जच्या दिवशी गाठला होता. 🤦

लालपरीवाला | २२ जून

ऑपरेशन झालं. साडेतीन तास. पाय वर बांधून ठेवतात त्यामुळं दोन दिवस पोटऱ्या भरून आल्या होत्या, त्याचीच तक्रार जास्त. तीन आठवडे कॅथेटर. काढायच्या आधी कॅथेटरच्या कडेनं रंग सोडून एक्सरे घेतला, जोड कुठं पाझरत नाही ना बघायला. मग काढला.

बाथरूमच्या दारात आई, मी आणि धाकटी बहीण. आतनं आवाज आला. नळ सोडल्यागत. बहीण रडायलाच लागली. आण्णा बाहेर येऊन म्हणाले, "काय तमाशा लावलाय दारात?"

पोटातली नळी आठवड्यानं काढली. गळतंय मात्र. दिवसाला चार पॅड. झोपून असले की नाही, उठले, खोकले, पायरी उतरले की गळतं. ओटीपोटाचे व्यायाम शिकवलेत.

तिखटजाळ | २२ जून

नाद खुळा! आण्णांना सांगा, आता पांढरा रस्सा माझ्याकडून.

उचगावकर | २३ जून

अभिनंदन. गळतीबद्दल लिहितो. माझ्या थोरल्या काकांना शेकानंतरच्या गळतीसाठी कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी धरून ठेवणारं यंत्र, बसवलाय. हे यंत्र नवं नाही, पहिलं १९७२ साली अमेरिकेत डॉ. ब्रॅन्टली स्कॉट यांनी बसवलं होतं. मूत्रनलिकेभोवती पाण्यानं भरलेला पट्टा, पोटात एक छोटा फुगा, आणि वृषणाच्या पिशवीत बटणासारखा पंप. लघवीला गेलं की पंप दोन-चारदा दाबायचा, पट्टा सैल होतो. काही मिनिटांत आपोआप परत घट्ट. बसवल्यावर सहा आठवडे सुरू करत नाहीत, सूज उतरेपर्यंत.

काका खूश होते. पण एकदा छातीत दुखतंय म्हणून रात्री एका ठिकाणी ॲडमिट केलं. काका अर्धवट गुंगीत, घरचं कुणी जवळ नव्हतं. स्टाफनं यंत्र बंद न करता कॅथेटर रेटला. पट्टा आत रुतला, नलिकेला जखम झाली, सगळं काढावं लागलं. शेकलेल्या जागी हा धोका मुळातच जास्त असतो. वर्षभरानं दुसरं बसवलं. आता काका गळ्यात काळ्या दोऱ्यात कार्ड घालतात, मराठीत आणि इंग्रजीत : कॅथेटर घालण्याआधी यंत्र बंद करा.

सुईदोरा | २३ जून

उचगावकरांचं कार्ड सगळ्यांनी लक्षात ठेवा.

@लालपरीवाला, घाई नको. गळती काही महिने कमी होत जाऊ शकते. शिवाय जोड टिकलाय हे दुर्बिणीने पाहिल्याशिवाय स्फिंक्टर बसवू नये. परत आकसलं तर पट्ट्याच्या आतून काम करणं फार अवघड जातं. तोपर्यंत सायकल, मोटारसायकलची सीट टाळा. आणि आण्णांची बोटं कशी आहेत बघा. पंप चिमटीत धरून दाबता आला पाहिजे.

लालपरीवाला | १६ नोव्हेंबर

बरेच दिवस फिरकलो नाही, माफी असावी.

साडेपाच महिने झाले. गेल्या आठवड्यात दुर्बिणीनं बघितलं, जोड उघडा आहे. गळती दोन पॅडवर आली. डॉक्टरांनी स्फिंक्टरचं विचारलं. यंत्राचा नमुना आण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो पंप एसटीचा हॉर्न दाबल्यासारखा दोन-तीनदा दाबून बघितला, डॉक्टरांना परत दिला आणि म्हणाले, "मशीन चांगलं आहे. पण परत बिघडलं की परत टेबलावर. दोन पॅडात माझं भागतंय." मी समजवायचा प्रयत्न केला. आईनं डोळ्यांनीच गप्प केलं मला.

रंकाळ्याची फेरी सुरू झालीय. अर्धीच करतात, पदपथावरच्या बाकापर्यंत. मागच्या रविवारी एकटेच एसटीनं गडहिंग्लजला बहिणीकडे जाऊन आले. कापडी पिशवी बरोबर होती, त्यात पॅड, वर खरोखरची कोथिंबीर.

एकच प्रश्न उरलाय. पॅड फार महाग पडतात. कोल्हापुरात स्वस्त कुठं मिळतील?

माई इचलकरंजी | १६ नोव्हेंबर

मेडिकलमधून सुटं पाकीट घेऊ नकोस. सर्जिकलच्या होलसेल दुकानात पूर्ण पेटी माग, बराच फरक पडतो. आणि पुरुषांचे वेगळे येतात, पुढे जाड असतात, तेच घे. सुरुवातीला एकच पाकीट आणून त्यांना बसतात का बघ, मग पेटी.

लालपरीवाला | १६ नोव्हेंबर

उद्याच बघतो माई. थँक्यू.